विजेचं चिन्ह आणि कळकलेली तार

२०२२ चा जुलै. आईचे डोळे पुण्यात दाखवून आम्ही दोघी साताऱ्याला परत निघालो होतो. खंबाटकीचा चढ सुरू झाला, बारीक पाऊस लागलेला, आणि अचानक गाडीचा जोरच गेला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी इंजिन उचल खाईना. समोर लाल दिवा लागला होता, दोन कंसांच्या मधोमध विजेची वाकडी रेघ. मागे कंटेनर, त्याचा हॉर्न. चारी इंडिकेटर लावले, पहिला गिअर टाकला आणि डाव्या कडेने रांगत रांगत घाट चढलो. आईने माझ्या गुडघ्यावर ठेवलेला हात वर पोचेपर्यंत उचलला नाही.

वर गाडी थांबवून पुस्तिका काढली. तो इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा दिवा होता. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा किती जाऊ द्यायची ते ठरवणारी झडप. चावी बंद करून पुन्हा फिरवली तर दिवा गेला, गाडी पहिल्यासारखी पळायला लागली. दोन दिवसांनी साताऱ्यात पोवई नाक्यावर पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी २१३८. कोडच्या नावात थ्रॉटल हा शब्द आहे, म्हणून त्यांनी थ्रॉटल बॉडी साफ केली. तीन दिवसांत दिवा परत. मग म्हणाले, "मॅडम, अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल, बत्तीस हजार." मी विचारलं, खराब आहे हे कशावरून? "कोडच आलाय ना," म्हणाले. मला ते पटेना. कोड तक्रार कुठून आली एवढंच सांगतो, त्यामागचं कारण आपल्याला मोजून काढावं लागतं.

घरी येऊन त्या कोडचा अर्थ नीट वाचला. कोडच्या पूर्ण नावात कोणते दोन सेन्सर जुळत नाहीत त्यांची अक्षरं असतात. ए आणि बी ही अक्षरं थ्रॉटल बॉडीतल्या सेन्सरची, डी आणि ई पेडलमधल्या सेन्सरची. थ्रॉटल बॉडीतल्या दोन सेन्सरचं जुळत नसेल तर कोड येतो पी २१३५. माझा होता २१३८, डी आणि ई. म्हणजे इंजिनाशी काहीच संबंध नव्हता, गडबड माझ्या पायाखाली होती.

पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत सरळ केबल जायची. आता पेडल फक्त संगणकाला कळवतं की पाय किती दाबलाय, आणि थ्रॉटलची झडप मोटर उघडते. हा निरोप चुकला तर गाडी आपोआप सुसाट सुटेल, म्हणून पेडलमध्ये एका ऐवजी दोन सेन्सर बसवतात. माझ्या गाडीत पहिल्याचा व्होल्टेज नेहमी दुसऱ्याच्या दुप्पट असायला हवा. पाय उचललेला असताना साधारण ०.७४ आणि ०.३७ व्होल्ट. हे प्रमाण मोडलं की संगणक दोघांवरही विश्वास ठेवत नाही, जोर काढून घेतो आणि गाडी जेमतेम कडेला नेता येईल एवढंच ठेवतो. घाटात मी घाबरले होते, पण गाडीने योग्य तेच केलं होतं.

नव्या गाड्यांत बहुतेक हॉल सेन्सर असतात, चुंबकावर चालणारे. माझी गाडी जुनी, तिच्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर, म्हणजे पट्टीवरून टोक सरकेल तसा व्होल्टेज बदलणारा. बारावीच्या पोरांकडून मी दरवर्षी प्रयोगशाळेत हाच प्रयोग करून घेते, तारेवरून जॉकी सरकवत. ते कळलं आणि माझी भीती निम्मी झाली.

ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणला, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावला. इंजिन बंद, चावी चालू. मोबाइलवर आकडे टक्क्यांत दिसतात, पाच व्होल्टच्या टक्क्यांत. डी १४.९, ई ७.५. अगदी बरोबर. पेडल सावकाश दाबत गेले, दोन्ही आकडे प्रमाणात चढले, कुठे खाच नाही. आतली पट्टी झिजली असती तर दर वेळी एका ठरावीक जागी आकडा पडला असता. मग पाय काढून घेतला आणि नुसती पेडलकडे जाणारी तार हलवली. ई घसरला ४.३ वर. डी जागचा हलला नाही.

शेजारी ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, आता दुकान मुलगा बघतो. त्यांना बोलावलं. त्यांनी कनेक्टरच्या मागून बारीक पिन सारून मल्टिमीटर लावला. तार तशीच वाकवून धरलेली. पिनेपाशी ०.३७ व्होल्ट, त्याच क्षणी मोबाइलवर ४.३ टक्के, म्हणजे ०.२१ च्या आसपास. पेडल पूर्ण देतंय, वाटेत कुठेतरी गळतंय.

"बॅटरीची निगेटिव्ह काढ आधी," काका म्हणाले. कनेक्टर उघडला, पिना बाहेर काढल्या. ई ची तार पिनेत जिथे दाबून बसवलेली असते तिथलं तांबं हिरवं पडलेलं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं ना, तसाच तो हिरवा रंग. नखाने खरवडलं तर पूड बोटावर आली. सात बारीक तारांपैकी दोनच शाबूत होत्या.

पण तिथे पाणी आलं कुठून? काकांनी कार्पेटखाली हात घातला, ओला निघाला. बॉनेट उघडून काचेखालची जाळी काढली. पाणी जायच्या भोकात चिंचेचा पाला ठासून बसलेला. गाडी वर्षभर आमच्या दारच्या चिंचेखाली उभी असते. पाणी तुंबून आत झिरपलं आणि तारेवरून ओघळत पेडलच्या कनेक्टरपर्यंत आलं.

खराब तुकडा कापला, नवी पिन दाबून बसवली, भोक मोकळं केलं, कार्पेट दोन दिवस वाळवलं. कोड पुसला. काका पैसे घेईनात, शेवटी पाचशे रुपये त्यांच्या खिशात घातले. तुमच्या गाडीला हा दिवा लागला तर आधी सुरक्षित जागी थांबा, कोडचा आकडा पूर्ण लिहून घ्या आणि शेवटचा अंकही नीट बघा. चावी चालू असताना थ्रॉटलच्या झडपेत बोट घालू नका, मोटर ती झटक्यात मिटवते.

तो कापलेला तुकडा प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत ठेवलाय, पोटेन्शिओमीटर शिकवताना मुलांच्या हातात देते. दिवा नंतर लागला नाही. आई मात्र अजून खंबाटकी आला की पुढे वाकून विजेच्या चिन्हाच्या जागी बघते, आणि घाट संपला की मगच पानाचा डबा उघडते.