कळलावी, कुंडीतला तिसरा हंगाम : मे ते डिसेंबर

मे अखेर : कळलावी या विषारी फुलवेलाचे चार कंद लावले. कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात लांगली. डोळा फक्त टोकाला असतो, आणि नखाचा धक्का लागला तरी मोडतो; मोडला की त्या बाजूने कोंब येत नाही. 50-60 ग्रॅमचे कंद घेतले. त्याहून लहान लावले तर वेल वाढतो, पण फुलं बहुधा येत नाहीत. 12 इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. कंद आडवा, 5-6 सेंटिमीटर खोल. हातमोजे घालूनच.

जून अखेर : तीन कुंड्यांत कोंब वर. चौथी उकरली तर कंद पिठासारखा कुजलेला. खालचं भोक मातीने बुजलं होतं. कळलावीला पाऊस चालतो, साचलेलं पाणी चालत नाही.

जुलै : पानाचं टोक धाग्यासारखं वळून आधार पकडतं, म्हणून बारीक काठी किंवा सुतळीच द्यावी, जाड बांबूला ते धरत नाही. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या. त्या एका रात्रीत वेल बोडका करतात. रोज सकाळी हातमोज्याने वेचून काढणं हा सर्वांत भरवशाचा उपाय.

ऑगस्ट : फुलं. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग खालून पिवळ्या आणि वर लाल, शेवटी पूर्ण लालभडक. स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात बाहेर वळलेला असतो, त्यामुळे स्वतःचा पराग सहसा त्यावर पडत नाही. सकाळी ब्रशने दुसऱ्या वेलाचा पराग लावला. शेंगा धरल्या.

आता औषधाबद्दल, कारण विचारणा याचीच जास्त होते. कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असतं. गाऊटवर (युरिक अॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर) तेच दिलं जातं, गोळी साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची. तमिळनाडूत बियांसाठी याची शेती होते ती यामुळेच. आता घरचा हिशेब : 10 ग्रॅम सुक्या कंदात 0.1 टक्का धरलं तरी 10 मिलिग्रॅम, म्हणजे वीस गोळ्या. सुमारे 7 मिलिग्रॅमने माणूस दगावल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण कंदागणिक बदलतं आणि डोळ्यांनी कळत नाही. शिजवून विष जात नाही. गोमूत्रात भिजवण्याचा शोधनविधी आयुर्वेदात आहे, पण घरी तो करून काही खाणं म्हणजे अंदाजाने विष घेणं. कळा लावते म्हणून कळलावी; बाळंतपणासाठी लेप किंवा काढा कुणी सुचवला तर स्पष्ट नकार द्यावा.

पोटात गेल्यास उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. मध्ये बरं वाटलं तरी मूत्रपिंड, रक्तपेशी, हृदय यांवरचा परिणाम पुढच्या दिवसांत दिसतो. सहज मिळणारा उतारा नाही. लक्षणांची वाट न बघता, झाडाचा तुकडा सोबत घेऊन, लगेच दवाखाना.

ऑक्टोबर : शेंगा सुरकुतल्या, फिकट झाल्या की फुटण्याआधीच तोडल्या. आतले शेंदरी दाणे मुलांना मण्यांसारखे वाटतात.

डिसेंबर : पानं पिवळी पडून वेल वाळला, पाणी बंद. जुना कंद आक्रसून त्याजागी नवे दोन. कोरड्या रेतीत, झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहून, स्वयंपाकघराबाहेर. रताळ्यांच्या टोपलीजवळ तर नकोच, सोललेला कंद ओळखू येत नाही.