खोक्यातलं पुस्तक

चिपळूणच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीला बसलेल्या माणसाला आखातातला हँडसेट बघताक्षणी कळतो. कीपॅडवर इंग्रजीच्या जोडीला अरबी अक्षरं, चार्जरला तीन चौकोनी दांड्यांची पिन आणि खोकं उघडलं की अत्तराचा वास. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या पट्ट्यात कुवेत-दुबईला कोणीच नाही असं गाव शोधावं लागेल. त्यामुळे मुंबईच्या शोरूमला पोचलेही नसायचे असे मोबाईल आमच्याकडे ईदच्या सुट्टीत दुरुस्तीला यायचे. ना सुटे भाग, ना सर्किटचा नकाशा. बाकीचे दुकानदार हात वर करायचे आणि मी ठेवून घ्यायचो. माझं निम्मं शिक्षण त्या फोनांवर झालंय.

माझ्याकडे काम शिकलेला एक मुलगा आता पुण्यात जुनी पेटंटं धुंडाळण्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याचा फोन आला. "दादा, तो मोठ्या स्क्रीनचा, काडीवाला सेट आठवतो? आपल्याकडे गल्फवाले आणायचे तो? एक चालू स्थितीतला मिळेल का? पण सॉफ्टवेअर मारलेला नको. जसा खोक्यातून निघाला तसाच हवा."

मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण कागदावर सही केली आहे. भांडणाऱ्या कंपन्यांचीही नावं नाहीत. स्क्रीनवर बोट सरकवलं की त्यात एक काम व्हायचं, एवढंच सांगतो. आज ते प्रत्येकाच्या फोनमध्ये होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एका देशातली कंपनी म्हणत होती की ही आमची युक्ती, आमचं पेटंट, दुसऱ्या देशातल्या कंपनीने चोरली. अशा वेळी दुसऱ्या बाजूची उत्तरं ठरलेली असतात. आम्ही तसं करतच नाही, हे पहिलं. ते नाही टिकलं तर, तुम्ही पेटंटचा अर्ज केलात त्या दिवशी यात नवीन काही उरलंच नव्हतं, हे दुसरं. या दुसऱ्या उत्तरासाठी जुनी वस्तू लागते आणि ती अर्जाच्या तारखेआधी लोकांच्या हातात होती याचा पुरावा लागतो. जगभरातली जुनी पेटंटं, मासिकं, माहितीपत्रकं उपसणारी माणसं पुण्यात, गुडगावला, बंगळुरात बसलेली असतात. त्यांच्यातल्या कोणाला तरी एकदाची चिपळूणची आठवण झाली!

माझ्याकडे होते तसले सेट. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली तेव्हा खालच्या ड्रॉवरमधले सगळे चिखलात गेले, बिलबुकांसकट. मग चाचींची आठवण झाली. खेडच्या बाजूच्या एका गावात राहतात. चाचा कुवेतला होते, त्यांचा हाच सेट मी दोनदा-तीनदा उघडलेला. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या घरातून काही टाकलं जात नाही हे मला ठाऊक होतं. फोन केला तर म्हणाल्या, "हाय ना. बॉक्समधी हाय. पण बिघडवून आणू नको रे बाबा."

पुण्याहून त्या कंपनीच्या बाई आल्या त्या कुंभार्ली घाट उतरून, पहाटे निघून. त्या वकील नव्हत्या, इंजिनिअर होत्या आणि पेटंट एजंटची परीक्षा पास झालेल्या. पण दुकानातल्या पोरांनी पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना वकीलबाई करून टाकलं. सोबत कॅमेरा, स्टँड, मोजपट्टी आणि फॉर्म. मी फोनला हात लावला तर वेळ लिहायची, ठेवला तर वेळ लिहायची. कोण कुठे उभं होतं तेही. न्यायालयात समोरचा वकील विचारणार, की मधल्या काळात या फोनला कोणी काय केलं? त्याचं उत्तर आधीच तयार ठेवायचं.

आता यात माझी गोची अशी की बॅटरी फुगलेली. खाऱ्या हवेत इतकी वर्षं पडलेल्या सेटची दुसरं काय होणार? बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर. बोर्डही तसाच असणार, पण उघडायला परवानगी नाही. एसएमडी, म्हणजे गरम हवेने बोर्डावरचे भाग काढायचं मशीन, त्याचं तर नावच काढायचं नाही. पेशंटला हात न लावता बरा करा, असा प्रकार.

इथे थोडं माझं ऐका. बंद फोन आला की आजकालची पोरं पहिल्यांदा सॉफ्टवेअर मारतात, म्हणजे आतलं पुसून नवं भरतात. ग्राहकालाही तेच आवडतं, 'अपडेट करून दिला' म्हटलं की पैसे द्यायला जड जात नाही. फोनला काय झालं होतं ते मात्र कायमचं पुसलं जातं. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवणारे तर कोकणात घरटी एक. पाणी कधीच उडून गेलेलं असतं, खार आत राहतो, तो तांदळाने कसा निघेल? त्याला उघडून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशच लागतो. आमच्या धंद्यात निदान म्हणून एक गोष्ट असते आणि ती पॉवर सप्लायच्या, म्हणजे फोनला बाहेरून करंट देणाऱ्या यंत्राच्या, सुईवर दिसते. क्लिपा लावताच, बटण दाबायच्या आधीच सुई उडाली तर बोर्डावर शॉर्टिंग. बटण दाबूनही हलली नाही तर पट्टा किंवा स्विच. थोडी हलून तिथेच चिकटून बसली तर सॉफ्टवेअर. आणि हलली, थबकली, मग वर चढून हेलकावे खायला लागली की समजायचं, फोन जिवंत आहे, स्क्रीन दिसो वा न दिसो.

मी बाईंना म्हटलं, फोन उघडत नाही, बॅटरी फक्त बाहेर काढतो आणि बाहेरून करंट देतो. त्या विचारात पडल्या. बॅटरी मूळ नाही म्हणजे फोन मूळ नाही, असं कोणी म्हणालं तर? म्हटलं, फोनचं सॉफ्टवेअर बॅटरीत नसतं. त्यांनी पुण्याला फोन लावला, पुण्याने बहुधा परदेशात लावला आणि तासाभराने होकार आला. तेवढ्यात लाईट गेली. महावितरणला कसली मूळ स्थिती आणि कसलं काय! इन्व्हर्टरवर काम चालू केलं.

त्या सेटला बॅटरीच्या नुसत्या दोन टोकांवर करंट देऊन भागत नाही. मधली तिसरी पिन असते, तिच्यावरून फोन बॅटरीचं तापमान बघतो. ती मोकळी राहिली तर चालूच होत नाही. तिथे बाहेरूनच एक रेझिस्टर लावावा लागतो, आणि त्याची किंमत माझ्या जुन्या वहीत होती. वही पुरातून वाचली, कारण ती दुकानात नव्हतीच, घरी माळ्यावर होती. बाईंनी वहीच्या पानाचाही फोटो घेतला. पट्ट्यांवरचा हिरवा थर खोडरबराने काढला, तेवढ्याला परवानगी मिळाली. चार व्होल्ट लावले, बटण दाबलं. सुई हलली. थबकली. मग चढली.

स्क्रीनवर आधी टच जुळवायच्या खुणा आल्या, काडीने त्यांवर टेकवत जायचं. आतला घड्याळाचा सेल मेलेला, म्हणून तारीख कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीची. मला वाटलं हाच पुरावा. बाई हसल्या, "दादा, ही तारीख फोनने सांगितली. कोर्टाला माणसाने किंवा कागदाने सांगितलेली लागते." मग आवृत्तीचा क्रमांक दाखवणारं पान उघडलं, त्याचं चित्रीकरण झालं. शेवटी बोट सरकवलं. झालं ते काम. परत सरकवलं, परत झालं. जुना टच, दाबून सरकवावं लागतं, पण होत होतं. दुकानातली पोरं टाळ्या वाजवायला लागली, बाईंनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून गप्प केलं.

माझ्या मते काम तिथे संपलं होतं. फोन सापडला, चालला, युक्ती दिसली. पण बाई आता फोनकडे बघतच नव्हत्या. खोकं उपडं करून त्यांनी तळाची माहितीपुस्तिका काढली होती. अर्धी इंग्रजी, उलट्या बाजूने अर्धी अरबी. आत एका पानावर त्या युक्तीचं चित्र आणि दोन ओळी. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छपाईचा क्रमांक आणि वर्ष.

मी विचारलं, चालू फोन समोर असताना पुस्तक कशाला? त्यांनी चहा पितापिता समजावलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. खटला दोन देशांत चालला होता, जर्मनीत आणि अमेरिकेत. जर्मनीत वस्तू जगात कुठेही उघडपणे विकली-वापरली गेली असली तरी ती पुरावा म्हणून धरतात. चाचांनी कुवेतच्या दुकानातून घेतलेला फोन तिथे चालतो. अमेरिकेत १६ मार्च २०१३ च्या आधी केलेल्या अर्जांना जुना कायदा लागतो. त्यात दुसऱ्या देशात विकलेली, वापरलेली वस्तू हिशेबात घेत नाहीत. दुसऱ्या देशात छापलेलं आणि लोकांपर्यंत पोचलेलं मात्र घेतात. म्हणजे तीच युक्ती खेडच्या घरात रोज कोणी करत असेल, ती अमेरिकेपुरती झालीच नाही. आणि कोणी न वाचलेली पुस्तिकेतली दोन ओळींची सूचना, ती झाली.

मी नंतर वाचत सुटलो. फोन उघडण्यासाठी बोट सरकवायचं, ज्यावर ॲपलचं पेटंट होतं, ते इंग्लंडच्या न्यायालयाने २०१२ मध्ये मोडीत काढलं. त्यात निओनोड नावाच्या स्वीडिश कंपनीचा छोटा फोन पुढे आला होता, आयफोनच्या आधीचा. जर्मनीतही पुढे तेच झालं. अमेरिकेत मात्र २०१६ मध्ये अपिलात ॲपल जिंकली आणि सॅमसंगला भरायच्या ११ कोटी ९६ लाख डॉलरमध्ये ही युक्तीही होती. दुसरं एक प्रकरण तर याहून भारी. फोटो ओढत कडेला नेला की तो उसळी मारून परत येतो, त्याचं जर्मनीतलं पेटंट २०१३ मध्ये रद्द झालं आणि पुरावा काय, तर ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर स्वतः करून दाखवलेलं प्रात्यक्षिक! अमेरिकेत स्वतःच दाखवल्यावर अर्जाला वर्षभराची सवलत असते, युरोपात नाही. २४ ऑगस्ट २०१२ या एकाच तारखेला सोलच्या न्यायालयाने ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही दोषी धरून किरकोळ भरपाई द्यायला लावली, ॲपलला ४ कोटी वॉन, सॅमसंगला अडीच कोटी. आणि कॅलिफोर्नियात ज्युरीने एकट्या सॅमसंगवर १०५ कोटी डॉलर लावले. ४ कोटी वॉन म्हणजे तेव्हाचे साधारण पस्तीस हजार डॉलर.

आपल्याकडचंही मला आठवलं. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या दाव्यावरून शाओमीची विक्री थांबवली होती, मग क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना मुभा दिली. तेव्हा गिऱ्हाईक काउंटरवर येऊन विचारायचं, हा बंद होणार का हो? मी छातीठोकपणे 'नाही' म्हणायचो. कशाच्या जोरावर म्हणायचो देव जाणे.

तर पुस्तिका. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर चाचांनी उर्दूत हिशेब लिहिला होता. घरी किती दीनार पाठवले, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती. पहिली नोंद २००६ ची. वॉरंटी कार्डावर कुवेतच्या दुकानाचा शिक्का होता, बिलाचा थर्मल कागद मात्र पांढराफटक झालेला. बाईंना सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. छापलेलं वर्ष कोणीही कसंही असतं म्हणू शकतो, पण त्याच पुस्तकात गिऱ्हाइकाने शाईने घातलेल्या तारखा म्हणजे ते लोकांपर्यंत पोचलं होतं, याचा कागद. मूळ प्रत हवी, असं पुण्याचं म्हणणं पडलं.

दुपारी आम्ही खोकं घेऊन चाचींकडे गेलो. फोन न्या म्हणाल्या, किती दिवस हवा तितके ठेवा. पुस्तक हातात घेतलं, उलटं करून ते हिशेबाचं पान काढलं आणि मांडीवर ठेवलं. बाईंनी पैसे सांगितले. आकडा लिहीत नाही, पण माझं दुकान दोन महिने चाललं असतं. चाची म्हणाल्या, "ही तेंची लिवलेली हाय." बाईंनी कायदा समजावला, परत करू म्हणाल्या, लिहून देतो म्हणाल्या. चाचींनी सगळं ऐकून घेतलं, आम्हाला घावन आणि चहा दिला आणि पुस्तक कपाटात ठेवून आल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी बोललो असतो तर चाचींनी कदाचित दिलंही असतं, माझा शब्द त्या घरात चालतो. मी बोललो नाही. बरोबर केलं की नाही, याचं उत्तर मला अजून ठरवता येत नाही. फसवणूक तर नव्हती, बाई चांगल्या होत्या आणि पैसा चाचींच्या कामाचा होता.

अखेर पान न पान तिथेच चित्रित झालं, चिपळूणच्या नोटरीकडे चाचींचं आणि माझं प्रतिज्ञापत्र झालं आणि बाई अंधार पडायच्या आत घाट चढायला निघाल्या.

माझ्या बिलाला पुण्याच्या अकाउंट्सवाल्यांनी विक्रेता नोंदणी, जीएसटी, रद्द केलेला चेक असं एकेक मागत चांगलंच रखडवलं. आलं एकदाचं. निकालाचं विचाराल तर निकाल नाही. दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं, मुलाने फोनवर सांगितलं. यांच्यात असंच होतं म्हणे, सॅमसंग-ॲपलनेही २०१४ मध्ये अमेरिकेबाहेरचे सगळे दावे मागे घेतले आणि अमेरिकेतलं २०१८ मध्ये मिटवलं. आपला पुरावा उघडला तरी गेला का, हे त्यालाही माहीत नाही.

फोन अजून पुण्याला सीलबंद पाकिटात आहे. प्रकरण कागदोपत्री बंद होईपर्यंत सोडता येत नाही म्हणतात. चाचींचा दर पंधरवड्याला फोन येतो आणि मी मुलाला लावतो. पुढच्या महिन्यात मीच एसटीने जाऊन बसणार आहे तिथे.