केळीच्या पानावरचा मिना : सहावी चकती आणि फाबर्जेची पेढी

मिन्याची सहावी चकती रविवारी भट्टीतून बाहेर काढली. लालभडक होती, मग काळपट झाली, आणि गार होता होता हिरवा रंग हळूहळू वर आला. पहिल्यांदाच तळाच्या रेघा काचेतून स्वच्छ दिसल्या. चकती खिडकीशी धरून तिरपी केली की उजेड रेघांवरून सरकतो. पाच चकत्या वाया गेल्यावर हे दिसलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मी करतोय तो पारदर्शक मिना. आधी धातूवर बारीक रेघांची नक्षी कोरायची आणि तिच्यावर रंगीत काचेची पूड वितळवून बसवायची. रेघेचा उतार उजेड परत फेकतो आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. रशियाच्या झारांसाठी, म्हणजे सम्राटांसाठी, ईस्टरची शोभेची अंडी घडवणाऱ्या सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे या जवाहिऱ्यांच्या पेढीने या कामाला ज्या उंचीवर नेलं, तिथे फार थोडे पोचले. त्यांच्याकडे रेघा पाडायला खास यंत्रं होती आणि मिन्याच्या शंभराहून जास्त छटा होत्या. माझ्याकडे जळगावच्या सराफ बाजारातून आणलेली कोरायची कलम आहे, एक भिंग आहे आणि आठ रंगांच्या बाटल्या आहेत.

नक्षी कुठली घ्यायची यावर मी दोन महिने घालवले. त्यांचे लाटालाटांचे नमुने हाताने उतरवायला गेलो तर रेघा वाकड्या येत होत्या. मग अल्मा पील यांच्याबद्दल वाचलं. फाबर्जेकडे ही तरुण मुलगी चित्रकार होती. कामाच्या टेबलाजवळच्या खिडकीवर साचलेलं बर्फ बघून तिला नक्षी सुचली आणि त्यातूनच पुढे १९१३ चं हिवाळ्याचं अंडं झालं, स्फटिकाचं, वर हिऱ्यांचं दहिवर. आमच्या खिडकीवर दहिवर कुठलं! पण खिडकीबाहेर केळीचा बाग आहे. केळीचं पान उन्हात आडवं धरून बघा. मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना शेकडो शिरा एकमेकींना चिकटून समांतर निघतात, कडेला जाताना किंचित वळतात. कोरायला याहून चांगला नमुना मला मिळाला नसता. २४ मिलिमीटरच्या चकतीवर एकेका बाजूला ४० रेघा बसवल्या.

आता धुण्याविषयी, कारण माझ्या पहिल्या दोन चकत्या तिथेच गेल्या. काच अकीकाच्या खलात पाण्याखाली वाटायची, बारीक साखरेइतकी. वाटताना तिचं पीठही होतं आणि ते पाण्यात दुधासारखं तरंगतं. ते ओतून टाकायचं, नवीन पाणी घालायचं, ढवळायचं, खाली बसू द्यायचं, पुन्हा ओतायचं. पीठ राहिलं तर भाजल्यावर काच धुरकट होते आणि खालची नक्षी जाते. मी चारदा धुऊन थांबत होतो. सराफ बाजारात आयुष्य काढलेले एक नाना माझ्याकडे अधूनमधून येतात. त्यांनी वाटी उजेडात धरली आणि म्हणाले, "पानी आजून गढूळ शे भाऊ. धू." मी पुन्हा धुतलं. पुन्हा तेच. अकराव्या पाण्याला त्यांनी मान हलवली. आता मी बोअरचं पाणी वापरतच नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो, कारण आमच्या पाण्याच्या क्षारांनीसुद्धा ढग येतात.

तिसरी चकती ९२५ चांदीची होती. तिच्यातलं तांबं भट्टीत काळवंडून वर आलं, हिरव्याखाली डाग दिसू लागले. तेव्हापासून ९९९ शुद्ध चांदीच वापरतो. चौथीच्या पाठीला मिना दिला नव्हता. काच आणि चांदी गार होताना सारख्या आकसत नाहीत, म्हणून चकती वाकली आणि रात्री टिक्कन आवाज होऊन कपचा उडाला. पाठीला तेवढ्याच जाडीचा थर हवा, हे मी वाचलेलं होतं, तरी केलं नाही. पाचवीच्या वेळी भट्टी ७६० अंशांवर असताना वीज गेली. काच अर्धी वितळून संत्र्याच्या सालीसारखी राहिली. तशीच जपून ठेवलीय.

या कामात शिरल्यापासून पेढीचा इतिहास वेगळाच दिसायला लागलाय. गुस्ताव फाबर्जे यांनी १८४२ मध्ये बोल्शाया मोर्स्काया रस्त्यावर दुकान थाटलं. मुलगा कार्ल याने १८७२ मध्ये कारभार हाती घेतला, पण त्याआधीपासून तो हर्मिटाज संग्रहालयात पगार न घेता जुने दागिने दुरुस्त करत होता, त्यांच्या नोंदी करत होता. मला वाटतं, त्याचं खरं शिक्षण तिथेच झालं. १८८२ च्या मॉस्को प्रदर्शनात पेढीने प्राचीन सिथियन कड्याची प्रतिकृती मांडली. अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती हे आपल्याला ओळखता येत नाही, असं झार तिसरा अलेक्झांडर म्हणाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १८८५ मध्ये राणीसाठी ईस्टरचं पहिलं अंडं झालं. पांढऱ्या मिन्याचं कवच, आत सोन्याचा बलक, बलकात सोन्याची कोंबडी. त्याच वर्षी राजदरबाराचे पुरवठादार हा किताब मिळाला. १९१६ पर्यंत झारांसाठी ५० अंडी झाली. १९०४ आणि १९०५ ही दोन वर्षं जपानशी युद्ध होतं, म्हणून कोरडी गेली. १९१८ मध्ये क्रांतिकारी सरकारने पेढी ताब्यात घेतली आणि १९२० मध्ये कार्ल परमुलखात, लोझानला वारला.

यातली एक गोष्ट खान्देशातल्या माणसाला लगेच खटकेल. फाबर्जेचं बरंचसं सोनं ५६ चं, म्हणजे ९६ भागांत ५६ भाग शुद्ध, आपल्या हिशेबाने १४ कॅरेट. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलीला हे दिलं तर घरात बोलणी बसतील. जळगावचं नाव शुद्धतेवर उभं आहे, आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण मिना, कोरीव काम, बिजागरी, हात, डोळा हे सगळं आपण घडणावळीच्या एका ओळीत लिहितो, आणि मोड घालताना ती ओळ पुसूनच जाते.

आजीच्या चपट्या पाटल्या होत्या, त्यांवर हिरव्या मिन्याची वेल होती. मावशीच्या लग्नात त्या मोडीत गेल्या. मी लहान होतो, दुकानात बरोबर गेलो होतो. मिना वजनात धरत नाहीत, म्हणून कारागिराने तो टोकदार सळईने खरवडला. हिरव्या कपच्या कागदावर पडल्या, त्याने कागद घडी करून कचऱ्यात टाकला. त्यात त्याची काही चूक नव्हती, व्यवहारच तसा आहे. पण त्या कपच्या मला आजही दिसतात.

म्हणून १८८७ च्या अंड्याची हकिगत वाचताना मी दोनदा थांबलो. ८.२ सेंटिमीटर उंचीचं, रेघारेघांचं सोन्याचं अंडं, आत व्हॅशरॉन कॉन्स्टन्टिन कंपनीचं लेडीज घड्याळ. क्रांतीनंतर ते हरवलं. अमेरिकेत एका मोड घेणाऱ्याने ते जुन्या बाजारात सुमारे १४,००० डॉलरला घेतलं, वितळवून चार पैसे सुटतील म्हणून. वजनाच्या भावाने कुणीच तेवढे देईना, म्हणून ते स्वयंपाकघरात पडून राहिलं. मग त्याने एका रात्री इंटरनेटवर घड्याळाचं नाव टाकून शोधलं. २०१४ मध्ये ते लंडनला लोकांसमोर मांडलं गेलं. त्यावर ओरखडे होते, सोन्याचा कस बघायला कुणीकुणी काढलेले.

सहाव्या चकतीवर आतापर्यंत तीन थर झालेत. कडेला सुईच्या टोकाएवढं एक छिद्र आहे, बहुतेक पूड पूर्ण वाळायच्या आधी मी ती भट्टीत घातली. हिऱ्याच्या टोचणीने ते उघडून पुन्हा भरणार आहे. अजून दोन थर द्यायचेत, मग पाण्याखाली घासून सपाट करायची, शेवटची चमक लाकडी चाकावर आणि चामड्यावर द्यायची. पाठीला कडी झाळायची नाही, उष्णतेने मिना तडकेल. चांदीची चौकट वेगळी करून चकती तिच्यात बसवतो. चौकटीची तार जंत्रीतून, म्हणजे तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून, ओढून ठेवलीय. चांदी सगळी मिळून पाच ग्रॅमही नाही. आई विचारत होती, कुणासाठी करतोस. मावशीसाठी.