बॅटरी नीट धर

परवा दुपारी चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "भाऊजी, मध्ये बंद करू नका हं, सलग घ्या." पाळणा सजला, बायका जमल्या, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' सुरू झालं. चौथ्या मिनिटाला मनगट भरून आलं, सहाव्याला खांदा. एवढासा फोन, पण हात वर धरून ठेवला की त्याचा वरवंटा होतो.

तेव्हा मला स्टुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन आठवला. ही काही त्याला आठवायची वेळ नव्हे, मान्य. पण सिनेमा संपल्यावर नावं शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे (घरचे तोवर चपला घालून उभे असतात), आणि 'व्हिक्टोरिया' संपला तेव्हा पडद्यावर पहिलं नाव दिग्दर्शकाचं न येता या नॉर्वेजियन कॅमेरामनचं आलं. तेव्हापासून तो डोक्यात ठाण मांडून आहे.

138 मिनिटांचा सिनेमा, एकही कट नाही. एप्रिल 2014, बर्लिन, पहाटेचे साडेचार. क्लबमधून एक स्पॅनिश मुलगी बाहेर पडते, चार पोरं भेटतात, आणि उजाडेपर्यंत प्रकरण बँकेच्या दरोड्यापर्यंत जातं. गच्ची, गाडी, पळापळ, सगळीकडे हा कॅमेरा धरून त्यांच्या मागे. पटकथा अवघी 12 पानांची. म्हणजे कोण काय बोलेल, कुठे वळेल, हे यालाही ऐकत ऐकतच कळायचं. अंधाराचं फटफटणं दाखवायला दिवे लावले नाहीत, सूर्यालाच कामाला लावलं. असे तीन सलग प्रयत्न झाले, तिसरा ठेवला. 2015 च्या बर्लिन महोत्सवात या छायाचित्रणासाठी त्याला रौप्य अस्वल मिळालं.

त्याच्या दंडाचं मला फारसं कौतुक नाही. दंड काय, कमावता येतो. त्याचं लक्ष कुठेच कसं गेलं नाही?

आमच्याकडे फ्यूज उडाला की बाबा स्टुलावर चढायचे आणि खाली मी, दोन सेलची बॅटरी घेऊन. "इकडे मार. अरे, इकडे! माझ्या बोटांवर!" मी मारायचो. मग मीटरच्या मागून पाल निघायची, आणि माझ्या नकळत उजेड पालीबरोबर भिंतभर फिरायला लागायचा. बाबा अंधारात, तोंडात तार, म्हणून शिव्याही अर्धवट. डोळे जातात तिकडे बॅटरी जाते, हे त्यांनी मला कधी समजावलं नाही. "एक काम धड होत नाही तुला," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या वेळी ताईला बोलावलं.

ग्रोव्हलेनला हाक मारली असती, तर फ्यूज मिनिटात बसला असता. शिकला डेन्मार्कच्या फिल्म स्कूलमध्ये, पण कुठेही गेला तरी त्या घरचा होऊन बॅटरी धरतो. 2015 मध्येच त्याचा 'रॅम्स' आला. आइसलँड, मेंढ्या, शेजारी राहणारे दोन भाऊ, चाळीस वर्षं अबोला. तिथे कॅमेरा बहुतेक वेळ गप्प उभा. बांधावरची भांडणं पाहिलेल्या माणसाला तो सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 2020 च्या 'अनदर राउंड'मध्ये डेन्मार्कचे चार मास्तर रोज थोडी थोडी घ्यायला लागतात, आणि कॅमेऱ्यानंही एखादा पेग मारलाय असं मला वाटत राहतं. मॅड्स मिकेल्सन शेवटी बंदरावर नाचतो, तिथे तर नक्कीच. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. 2021 च्या 'द इनोसंट्स'मध्ये नॉर्वेचा लख्ख उन्हाळा, वसाहतीत खेळणारी मुलं, आणि भर उन्हात अंगावर काटा. माझी भीती आजवर लोडशेडिंगवर अवलंबून होती, त्यानं तीही सोय काढून घेतली.

तर बारसं. अकरा मिनिटं सलग घेतलं, हात खाली केला नाही, मनातल्या मनात खूश होतो. रात्री लावून पाहिलं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, सगळ्या हसल्या. आवाज अगदी स्वच्छ आहे. पडद्यावर मात्र तेवढा वेळ घुगऱ्यांचं पातेलं.

"भाऊजी, व्हिडिओ पाठवताय ना?" असा मेसेज आलाय. अजून उघडलेला नाही.