पाळण्याचे तीन गज

"ताई, हा कॅलिपर बिघडलाय."

माझ्या लेथवर लाकूड कातायच्या वर्गातल्या मुलीने पाळण्याच्या जुन्या गजावरच्या एकाच मण्याचं, म्हणजे कातलेल्या गोल फुगवट्याचं, माप दोनदा घेतलं होतं. एकदा २५ मिमी आलं, एकदा २४.५. कॅलिपर ठीक होता. गजच गोल नव्हता.

पाळणा सदाशिव पेठेतल्या एका घरातून आला होता. सागवानी, तीस कातीव गजांचा, त्यातले तीन नाहीसे. बारसं पुढच्या रविवारी. गज कातायला सोपे म्हणून मी ते वर्गातच घेतले. पण त्या दिवशीचा धडा हत्याराचा झालाच नाही, मापाचाच झाला.

तिला गजाचं टोक दाखवलं. तिथे वाढीच्या रेघा, म्हणजे झाडाची वलयं, दिसतात. साग ओल्याचा पूर्ण कोरडा होईतो रेघांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आटतो आणि गाभ्याकडून सालीकडे फक्त २.५ टक्के. म्हणून ओलं लाकूड गोल कातलं तरी सुकल्यावर ते लंबगोल होतं. घरातल्या हवेइतकं सुकताना यातलं साठेक टक्के आटणं होऊन जातं. त्या हिशेबाने दोन्ही मापं उलट वाढवून बघितली आणि दोन्हीकडून २५.४ च्या आसपास आलं. बरोबर एक इंच! ज्या कातार्‍याने हे गज केले, त्याने ओलसर साग घेऊन माप एक इंचावर बांधलं होतं. त्याचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही, पण त्याचा हात किती सच्चा होता ते इतक्या वर्षांनी अर्ध्या मिलिमीटरवरून कळलं. मला त्या क्षणी खरंच भरून आलं.

आता नवे गज किती जाडीचे करायचे? आमचं लाकूड कोरडं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या जुन्या चौकटीचं. (अशा लाकडावर आधी चुंबक फिरवायचं. आत राहिलेला एक खिळा धार घालवतो.) ते आता फारसं आटणार नाही. एक इंचाचा मणी केला तर शेजारच्या गजांपुढे तो फुगलेला दिसेल. जुने गज वाटेल त्या बाजूने बसवलेले, म्हणून मधलं माप धरलं, २४.८.

३५ मिमी चौरस, ४५० मिमी लांब तुकडे. तयार गज ४०० मिमी. एका पातळ प्लायच्या पट्टीवर जुन्या गजाच्या प्रत्येक मण्याची, प्रत्येक खोबणीची जागा खाच करून उतरवली. ती पट्टी फिरत्या गजाला धरून पेन्सिलीने रेघा मारायच्या, मग पार्टिंग टूलने, म्हणजे अरुंद पटाशीने, त्या जागी मापापर्यंत उतरायचं. मणी स्क्यूने, म्हणजे तिरक्या धारेच्या पटाशीने. कापणारी जागा पात्याच्या आखूड टोकाजवळ ठेवायची. ती लांब टोकाकडे सरकली की टोक लाकडात घुसतं आणि गजाच्या अंगावर सर्पिल चीर पडते. पहिला तुकडा असाच गेला. मधला १३ मिमीचा बारीक भाग सगळ्यात शेवटी, कारण तो आधी केला तर गज थरथरतो आणि त्याच्या अंगावर वळ उठतात. टेलस्टॉक, म्हणजे गजाचं दुसरं टोक धरणारा लेथचा भाग, फार आवळला तरी तसंच होतं, गज धनुष्यासारखा वाकतो. डाव्या हाताची बोटं मागून हलकी टेकवायची, दाबायची नाहीत.

चूक झाली ती बसवताना. गजाच्या टोकाची खुंटी त्या मुलीने १२.६ मिमी गोल केली, कारण ती जिथे बसते ते पाळण्याच्या आडव्या पट्टीतलं भोक तिने १२.७ मोजलं होतं. हाताने अर्धी गेली, मग तिने लाकडी हातोडीने टकटक केलं. पट्टीतून कोरडा 'टक्' आवाज आला आणि लाकडाच्या लांबीतल्या रेषेरेषेने नखाएवढी चीर धावली. भोकही लंबगोल होतं! रेषेच्या दिशेने १२.७, आडवं १२.४. दोन्हीकडून मोज असं मी सांगायला हवं होतं. गजाचं सांगितलं, भोकाचं नाही.

खुंटी काढली. चिरेत गरम सरस (जुन्या पद्धतीचा डिंक) सोडून रात्रभर क्लॅम्प लावला. मूळ सांधे सरसाचेच होते. गरम पाण्याने तो सुटतो, म्हणून दुरुस्तीला तोच बरा. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठेक अंशांवर वितळवायचा. उकळला तर त्याची ताकद जाते. भोक मोठं करायचा मोह टाळला, कारण पट्टी पुन्हा मिळणार नाही. त्याऐवजी खुंटीच्या दोन बाजू कानशीने उतरवल्या. बसवताना तिच्या वाढीच्या रेघा पट्टीच्या रेषेला समांतर ठेवल्या. पावसाळ्यात खुंटी जास्त फुगते ती रेघांच्या दिशेने. तो जोर पट्टीच्या लांबीत गेला तर ती सोसते, आडवा गेला तर फाटते.

लाखेचा रंग जुन्या गजांशी जुळवून शुक्रवारी पाळणा गेला. त्याआधी तिन्ही खुंट्यांच्या आत जाणार्‍या टोकावर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: कोरडा साग, २४.८.