ई२२०ची कामवही: मागची सीट पुन्हा तपासली

दिवाळीत मी लिहिलं होतं की मागे बसायचं तर आमची २०२१ची होंडा सिटी १९९६च्या मर्सिडीज ई२२०पेक्षा बरी. तो निकाल आज मागे घेतोय. त्या दिवशी ई२२०च्या मागच्या सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, आतून फाटलेले होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

डब्ल्यू१२४, म्हणजे ई२२०ची ही पिढी, खालून पाहिलीय त्यांना माहीत आहे: मागच्या प्रत्येक चाकाला धरून ठेवणाऱ्या पाच दांड्या, म्हणजे लिंक, दोन्हीकडच्या मिळून दहा, आणि त्यांच्या टोकांना रबरी बुश. चाक वर-खाली होताना सरळ राहतं ते या लिंकमुळे. मार्चमध्ये मी इंदूर शहरातल्या एका गॅरेजात सगळे बुश बदलून घेतले होते. सात महिन्यांत त्यांच्या चिंध्या झाल्या. माल डुप्लिकेट असणार, असं धरून मी दुकानदाराशी भांडूनसुद्धा आलो होतो.

या वेळी देवास नाक्याकडच्या उस्तादांनी जुने बुश ओळीनं मांडले. सगळे एकाच दिशेनं पिळून चिरलेले. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, अशात बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी जमिनीवर टेकली की ते पीळ पडूनच उभं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. उस्तादांनी बोल्ट आधी नुसते हातानं लावले. मग गाडी चारही चाकांवर उतरवली, दोन-चारदा मागे-पुढे ढकलली, डिकी दाबून हलवली, आणि पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतरून टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळले. शेवटी चाकांची अलाइनमेंट. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली. माल चांगलाच होता, चूक आवळण्यात होती.

रविवारी दोन्ही गाड्या महेश्वरला नेल्या. सिटी धाकट्या भावाकडे. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासली. आईची पाठ दुखते, म्हणून खरी परीक्षक तीच. घाटावर दिवे लावायचे म्हणून तिनं कापूस बरोबर घेतला होता. राऊ, महू करत मानपूरपर्यंत ती सिटीत होती. दोन-तीन वाती वळल्या आणि पिशवी बंद केली. मानपूरला चहा घेऊन ती ई२२०त बसली. घाट उतरून धामनोद येईपर्यंत मांडीवर वातींचा ढीग. रस्ता वेगळा होता, हे मलाही खटकलं, म्हणून परतताना उलट केलं: मानपूरपर्यंत सिटी, पुढे ई२२०. निकाल तोच.

कारणं सरळ आहेत. ई२२०चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २८०० मिमी, सिटीचा २६००. वजनही ई२२०चं बरंच जास्त, आणि जड गाडी खड्ड्यानं लवकर उसळत नाही. शिवाय सिटीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा, आहे. एका चाकाचा हिसका थोडा तरी दुसऱ्याकडे जातोच. ई२२०च्या, १९८४ साली आलेल्या डिझाइनमध्ये प्रत्येक चाक आपलं आपण सांभाळतं.

बाकी सिटीचं कौतुक पूर्वी केलंय ते कायम. १४९८ सीसीचं इंजिन १२१ अश्वशक्ती देतं, ई२२०चं २१९९ सीसीचं १५०. पण हलक्या अंगामुळे ओव्हरटेक करताना सिटी मागे पडत नाही. त्या दिवशी तिनं लिटरला १८ किलोमीटर दिले, ई२२०नं ९. सिटीला सहा एअरबॅग आहेत, आणि रात्री घाटात मुलं बरोबर असली तर मी सिटीच काढतो. गंमत रुंदीची: सिटी १७४८ मिमी, ई२२० १७४०. राजवाड्याजवळ ई२२० अडचणीची वाटते ती लांबीमुळे आणि स्टिअरिंगमुळे.

पुढचं काम स्टिअरिंगचंच. मधोमध थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, हिसके शोषणारा स्टिअरिंग डॅम्परही बदलायचाय. नोंदणीचं नूतनीकरण यंदा आलंय, पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी येतं तसं. त्याआधी हे उरकायचंय, आणि या वेळी बोल्ट आवळताना मी स्वतः पिटमध्ये उभा राहणार.