मिरची तोडल्यावर हात का पेटतात

भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात मिरचीचा तोडा सुरू झाला की संध्याकाळी एकच तक्रार, हाताची भगभग थांबत नाही. हात बघावा तर फोड नाही, चट्टा नाही, त्वचा तापलेलीही नाही. तरी मेंदूला भाजल्याची खबर पोचलेली असते.

त्वचेत चेतातंतूंची उघडी टोकं असतात. त्यांच्या आवरणात टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं, म्हणजे एक बारीक दारच. तिथलं तापमान साधारण ४३ अंशांवर गेलं की ते उघडतं, कॅल्शियम-सोडियमचे आयन आत घुसतात आणि विजेचा संकेत मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं हेच दार नेहमीच्या तापमानालाही उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. (परभणीत मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, तरी सारखं भाजत नाही, कारण प्रश्न हवेचा नाही, त्वचेचा आहे, आणि तिला घाम थंड ठेवतो.)

चटका बसल्यावरची पहिली झणक ए-डेल्टा तंतू नेतात, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने. मागून येणारी रेंगाळणारी आग सी तंतूंची, वेग जेमतेम ०.५ ते २ मीटर. मिरचीची भगभग मुख्यतः या दुसऱ्या जातीची.

आता उपाय. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसतं पाणी ओतून काही होत नाही. कोरड्या हाताला करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल दोन-तीन मिनिटं चोळा, नखांच्या कडेलाही. फडक्याने पुसून घ्या, मग साबण आणि गार पाणी. आग उरली तर पुन्हा तेच. फडकं मात्र बाजूला टाका, त्याच फडक्याने तोंड पुसलं की संपलंच.

गरम पाणी नको, ते तेच दार आणखी उघडतं. लिंबू चोळायचा सल्ला हमखास मिळतो. तोही नको, आम्लानेसुद्धा हे दार संवेदनशील होतं. सूज आली की उघडायचा उंबरठा आणखी खाली येतो, म्हणून त्या रात्री कोमट पाणीदेखील चटका देतं.

डोळ्यात गेलं तर तेल अजिबात नाही. लेन्स असेल तर काढा, स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. तरी दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर थेट डोळ्यांचा डॉक्टर.

हातमोजे घ्यायचे तर नायट्राइलचे, साध्या लॅटेक्समधून कॅप्सेसिन झिरपू शकतं. घरी मिरची चिरताना बियांना दोष देऊ नका. खरा जाळ बिया धरणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो. बियांना तो नुसता लागलेला असतो.